डर्बीच्या म्युझियममधलं घोडदळाचं दालन नाशिकहून जाणाऱ्यांनी कसं पाहावं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. जूनमध्ये तुम्ही दोघं नववीतल्या नातवाला घेऊन लेकीकडे इंग्लंडात नॉटिंगहॅमला जाताय. तिने एक दिवस डर्बीच्या शहर-संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे, आणि त्याच इमारतीत नवव्या-बाराव्या रॉयल लान्सर्स या घोडदळ रेजिमेंटचं संग्रहालय आहे. त्यात अर्धा दिवस घालवावा का, आपल्याला त्यातलं काय कळणार, आणि ‘ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या तलवारी बघायला इतक्या लांब कशाला जायचं’ या तुमच्या यजमानांच्या म्हणण्याला उत्तर काय, असं तुम्ही विचारलं आहे.

यजमानांचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे दोन आपोआप सुटतील. मी नाशकात राहून संग्रहालयांसाठी आणि खासगी संग्राहकांसाठी शस्त्रं, पदकं, गणवेश यांच्या नोंदी करतो. वस्तू हातात घ्यायची, तिच्यावरची अक्षरं वाचायची, ती कोणाची, कुठून आली, कोणत्या साली बनली हे लिहून ठेवायचं, असं हे काम आहे. त्या सवयीने सांगतो: जरूर जा. डर्बीच्या त्या दालनात रविवारी पोरांना घेऊन येणाऱ्या तिथल्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त कळेल, कारण तिथे लिहिलेली निम्मी गावं आपल्या नकाशावरची आहेत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोणत्या कपाटात काय आहे हे मी मुद्दामच सांगत नाही. कापडी आणि कागदी वस्तू फार काळ उजेडात ठेवत नाहीत, त्या आलटून पालटून आत-बाहेर जातात. तुम्ही जाल तेव्हा मी म्हणतो ते पदक मांडलेलं असेलच असं नाही. तुमचे गुडघे किती वेळ उभं राहू देतात यावरही पुष्कळ ठरेल. आणि नातवाला युद्धाचं वेड असेल तर एक तऱ्हा, नसेल तर दुसरी. म्हणून काय बघायचं यापेक्षा कसं बघायचं हेच सविस्तर लिहितो.

आधी घोडदळाचं संग्रहालय शहराच्या संग्रहालयात कसं आलं ते पाहू. ब्रिटिश सैन्यात रेजिमेंट म्हणजे एक घराणं असतं. तिचं नाव, तिचा भरतीचा मुलूख, तिची मेस, मेसमधली चांदीची भांडी, भिंतीवरची चित्रं, नगारे, मेलेल्या अधिकाऱ्यांच्या तलवारी, विधवांनी आणून दिलेली पदकं, हे सगळं पिढ्यान् पिढ्या साठत जातं. नववी आणि बारावी या दोन्ही रेजिमेंटा १७१५ साली उभ्या राहिल्या. १९६० मध्ये सैन्य लहान करताना त्या एकत्र केल्या गेल्या. २०१५ मध्ये ही जोड रेजिमेंटही क्वीन्स रॉयल लान्सर्समध्ये मिळवून ‘रॉयल लान्सर्स’ अशी नवी रेजिमेंट झाली. घराणी अशी एकात एक मिसळली की सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न येतोच. ज्या भागातून भरती होत असे तिथल्या शहर-संग्रहालयात एक दालन मिळवणं हा इंग्लंडमध्ये पुष्कळ रेजिमेंटांनी काढलेला मार्ग आहे. डर्बीची इमारत १८७९ ची, मायकेल थॉमस बास या बिअर-उत्पादकाने शहराला दिलेली. त्यात हे लान्सर्सचं दालन आहे आणि जोडीला त्या परगण्यातल्या इतर पलटणींच्याही वस्तू आहेत.

या व्यवस्थेमुळे दालनात दोन आवाज एकदम ऐकू येतात. एक आवाज रेजिमेंटचा: आमचे शूर, आमच्या लढाया. दुसरा शहराचा: आमच्या गल्लीतला पोरगा कुठे गेला आणि परत आला का. कपाटावरची पाटी वाचताना यातला कोण बोलतोय हे ओळखायचा प्रयत्न करा. आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात. कोणाचा टाक करायचा हे घर ठरवतं, आणि ज्यांचा केला नाही त्यांचं नाव तिसऱ्या पिढीला ठाऊक नसतं. रेजिमेंटच्या संग्रहाचंही असंच आहे. तिथे मांडलेली वस्तू कोणीतरी जपायची ठरवली म्हणून आहे.

आत गेल्यावर मी आधी तलवारींकडे जात नाही. मी लढायांच्या नावांची यादी शोधतो. पायदळात ती निशाणांवर असते. हलक्या घोडदळाने, म्हणजे हुसार आणि लान्सर्स रेजिमेंटांनी, १८३४ पासून बराच काळ निशाणं नेणं बंद केलं होतं, म्हणून त्यांच्या लढाया नगाऱ्यांवर घालायच्या भरजरी झुलींवर विणलेल्या असतात. झूल दिसली नाही तर एखाद्या फलकावर किंवा चांदीच्या वस्तूवर ती नावं सापडतील. यजमानांना तिथेच उभं करा आणि मोठ्याने वाचायला सांगा. नवव्या लान्सर्सची नावं अशी आहेत: पेनिन्शुला (म्हणजे नेपोलियनविरुद्धचं स्पेन-पोर्तुगालमधलं युद्ध), मग पन्नियार, सोबराँव, चिलियनवाला, गुजरात (हे पंजाबातलं गाव, आपलं शेजारचं राज्य नव्हे), पंजाब, दिल्ली १८५७, लखनौ, मग चारासिया, काबूल, कंदाहार. स्पेन सोडलं तर लागोपाठ सगळी आपल्या बाजूची. बाराव्या लान्सर्सच्या यादीत इजिप्त, सालामांका, वॉटर्लू, सेव्हास्तोपोल यांच्याबरोबर ‘सेंट्रल इंडिया’ आहे.

आता यातल्या प्रत्येक नावाखाली काय दडलंय ते सांगतो, कारण पाटीवर ते दोन ओळींत उरकलेलं असतं.

पन्नियार हे ग्वाल्हेरजवळचं गाव. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले. त्यांची अगदी कोवळ्या वयातली विधवा ताराबाई, दत्तक घेतलेले लहानगे जयाजीराव आणि कारभार हातात घेणारे दादा खासगीवाले, असा तो दरबार होता. गव्हर्नर जनरल एलेनबरोने फौज पाठवली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या: महाराजपूरला ह्यू गॉफच्या हाताखाली आणि पन्नियारला जॉन ग्रेच्या हाताखाली. नववी लान्सर्स ग्रेच्या फौजेत होती. समोर शिंद्यांचे गोलंदाज होते, आणि त्यांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत असं इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे. म्हणजे डर्बीतल्या त्या झुलीवरचं हे नाव मराठी फौजेशी झालेल्या लढाईचं आहे. १८१८ ला मराठ्यांचं सगळं संपलं असं शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी किती जणांना १८४३ ठाऊक असतं? नातवाला हे नक्की सांगा.

चिलियनवाला, १३ जानेवारी १८४९. शीख सैन्याशी झालेल्या या लढाईत ब्रिगेडियर पोपच्या हाताखालच्या घोडदळ ब्रिगेडमध्ये घबराट उडाली आणि स्वार मागे वळून आपल्याच तोफांमधून पळाले. त्या ब्रिगेडमध्ये नवव्या लान्सर्सच्या तुकड्याही होत्या. तरी नाव झुलीवर आहे. यादीत नाव असलं म्हणजे तिथे विजय झाला असं समजू नका. रेजिमेंट तिथे होती आणि सरकारने ते नाव लावायला परवानगी दिली, इतकाच त्याचा अर्थ. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढची सगळी कपाटं वेगळी दिसू लागतात.

दिल्ली १८५७ हा नवव्या लान्सर्सचा सगळ्यांत मोठा अभिमान. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या दिल्लीच्या टेकडीवर, शहराला वेढा घालून बसलेल्या फौजेत होत्या. ‘डेल्ही स्पिअरमेन’ हे टोपणनाव तिथलंच. नंतर लखनौ. या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळवणारे अनेक जण या रेजिमेंटचे होते, त्यामुळे त्याबद्दल तिथे भरभरून लिहिलेलं असणारच. आपण ज्याला स्वातंत्र्यसमर म्हणून शिकलो, त्याच्याकडे खिडकीच्या पलीकडून बघायची ही संधी आहे. त्रास होईल. होऊ द्यावा.

‘सेंट्रल इंडिया’ हे तर थेट आपल्या गंगापूर रोडपर्यंत येतं. बाराव्या लान्सर्सचे स्वार जनरल विटलॉकच्या फौजेत होते. त्या फौजेने एप्रिल १८५८ मध्ये बांद्याचा नवाब अली बहादूर याचा पराभव केला. हा अली बहादूर थोरले बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातला. पुढे जूनमध्ये तीच फौज करवीला गेली. तिथे अमृतराव पेशव्यांचे वारस नारायणराव आणि माधवराव राहत होते. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र, आणि राघोबादादांचं आनंदवल्ली आपल्या शहरात आहे, रोज बसने आपण तिथून जातो. करवीला प्रतिकारच झाला नाही, पण वाड्यातला खजिना मोठा होता. त्या लुटीची वाटणी कोणाकोणात करायची यावरून इंग्रज सेनापतींमध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात खटला चालला, त्याचा निकाल १८६६ मध्ये लागला. हे सगळं दोन शब्दांत विणलेलं आहे. यजमानांना ‘कशाला जायचं’चं उत्तर मी तरी इथेच देईन: आपल्या माणसांची ही हकिकत त्या झुलीवर टाचलेली आहे, आणि तिथल्या बहुतेक लोकांना ती वाचता येत नाही. आपल्याला येते.

आता पदकं. ही माझी खास आवडीची बाब, म्हणून इथे जरा रेंगाळतो. सामान्य माणूस पदकावरचा राणीचा चेहरा बघतो आणि पुढे जातो. नोंद करणारा माणूस कडा बघतो. ब्रिटिश मोहिमांच्या बहुतेक पदकांच्या कडेवर ज्याला ते मिळालं त्याचं नाव आणि रेजिमेंट, पुष्कळदा नंबर आणि हुद्दाही, ठोकलेला किंवा कोरलेला असतो. कपाटात पदक आडवं ठेवलं असेल तर कडा दिसत नाही, पण बऱ्याचदा पाटीवर ते नाव उतरवलेलं असतं. वर फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना क्लास्प म्हणतात. त्या साधारणपणे खालून वर वाचायच्या. खालची आधीची लढाई, वरची नंतरची. १८५७ च्या पदकावर ‘दिल्ली’ खाली आणि ‘लखनौ’ वर दिसली, की तो स्वार कोणत्या वाटेने गेला हे तुम्हाला कळलं. एक पदक असं नीट वाचावं, बाकीची सोडून द्यावीत.

त्यातही ‘ग्वाल्हेर स्टार’ मांडलेला दिसला तर थांबाच. सहा टोकांची काशाची चांदणी, मध्ये चांदीची छोटी चांदणी, तिच्यावर ‘पन्नियार’ किंवा ‘महाराजपूर’ आणि तारीख. ही पदकं कलकत्त्याच्या टांकसाळीत, शिंद्यांकडून हस्तगत केलेल्या तोफांच्या धातूतून बनवली. म्हणजे ज्या मराठी गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत त्यांच्याच तोफांचा तुकडा गोऱ्या स्वाराच्या छातीवर. त्या चांदणीच्या मागच्या बाजूला स्वाराचं नाव असतं. गोलंदाजाचं नाव कुठेच नसतं. १८८० च्या काबूल-ते-कंदाहार कूचसाठी दिलेली चांदणीही अशीच, कंदाहारला अफगाण सेनानी अयूबखानाकडून घेतलेल्या तोफांच्या धातूची. नववी लान्सर्स जनरल रॉबर्ट्सच्या त्या कूचमध्ये होती. त्यामुळे एकाच संग्रहात दोन पराभूत तोफखान्यांचा धातू शेजारी शेजारी दिसण्याची शक्यता आहे.

जाता जाता घरच्या पदकांबद्दल एक सांगतो, कारण नाशिक जिल्ह्यात अनेक घरांत आजोबा-पणजोबांची दुसऱ्या महायुद्धाची पदकं डब्यात पडून आहेत. त्या युद्धाची ब्रिटिश सैनिकांना दिलेली पदकं नाव न घालता दिली गेली. हिंदी सैन्यातल्या सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव आणि नंबर घातलेला असतो. घरी असेल तर कडा भिंगाखाली वाचा आणि लिहून ठेवा. चिंच-मिठाने किंवा पावडरीने घासून चकचकीत करू नका. अक्षरं झिजली की ते पदक कोणाचंही होतं.

भाला. लान्सर्स म्हणजे भालाईत. ब्रिटिश सैन्यात ही परंपरा फारशी जुनी नाही. नेपोलियनच्या युद्धांत पोलिश भालाइतांनी जे करून दाखवलं ते बघून १८१६ मध्ये नवव्या आणि बाराव्यासह काही लाइट ड्रगून, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, रेजिमेंटांना भाले दिले. त्यांची वरून चौकोनी दिसणारी टोपीसुद्धा पोलिश घाटाची. आपल्याकडे मात्र भालाईत स्वार त्याच्या कितीतरी आधीपासून होते. गंमत म्हणजे आधी ॲश लाकडाचे असलेले हे भाले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या भरीव बांबूचे होऊ लागले. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या रानात ज्याला मानवेल म्हणतात त्या जातीचा, आतून जवळजवळ पोकळी नसलेला बांबू हलका, चिवट आणि धक्का बसला तरी चटकन न मोडणारा. काचेतला भाला दिसला की टोकाकडे जाऊ नका, दांडा बघा. पेरं दिसली तर तो बांबू आहे. सुमारे नऊ फूट लांब, मागच्या टोकाला धातूचं जड टोपण बसवलेलं, मध्ये मनगटात अडकवायचा पट्टा, टोकाखाली वर लाल आणि खाली पांढरं असं निशाण. लढाईचं शस्त्र म्हणून तो १९२७ मध्ये रद्द झाला, समारंभात राहिला.

आता जे कपाटात नसतं त्याबद्दल. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश घोडदळ रेजिमेंटबरोबर मोतद्दार, गवत कापणारे, भिस्ती, स्वयंपाकी, धोबी, उंटवाले अशी माणसं चालत, आणि कूचमध्ये त्यांची संख्या सैनिकांपेक्षा सहज जास्त व्हायची. घोड्याला पाणी कोणी पाजलं, खोगीर कोणी कसलं, याचं उत्तर हीच माणसं. जुन्या छायाचित्रांत ती दिसतात. अधिकारी मध्ये, घोडा बाजूला आणि लगाम धरलेला एक माणूस अर्धा कापलेला. खाली अधिकाऱ्याचं नाव, घोड्याचंही नाव, त्या माणसाचं नाही. असं छायाचित्र दिसलं तर थोडा वेळ त्या माणसाकडे बघा.

एका माणसाचं नाव मात्र इतिहासात उरलं आहे. १९०२ मध्ये नववी लान्सर्स सियालकोटला येऊन पोचली, तेव्हा तिथे अटू नावाच्या स्वयंपाक्याला या रेजिमेंटच्या सैनिकांनी मारहाण केली आणि तो मेला. रेजिमेंटच्या चौकशीत गुन्हेगार सापडले नाहीत. व्हाइसरॉय कर्झनने सगळ्या रेजिमेंटला शिक्षा म्हणून रजा रोखल्या. पुढे १९०३ च्या दिल्ली दरबारात हीच रेजिमेंट संचलनात आली तेव्हा जमलेल्या युरोपियन लोकांनी तिचा जयजयकार केला, व्हाइसरॉयला ऐकू जावा म्हणून. कर्झनची राजवट आपल्याला बंगालच्या फाळणीमुळे प्रिय नाही, पण इथे तो एका खानसाम्यासाठी आपल्याच लोकांच्या विरोधात उभा राहिला होता हेही खरं. ही हकिकत मनात घेऊन त्या दालनात जावं असं मला मनापासून वाटतं. भांडायला म्हणून मुळीच नाही. काचेआडचे ते निळे कोट, सोनेरी पट्टे आणि शूर चेहरे यांच्याबरोबर अटूलाही जागा मिळावी म्हणून. ती जागा बघणाराच देऊ शकतो.

यजमानांना हे सगळं वाचून दाखवा. राज्य करणाऱ्यांच्या तलवारींना नमस्कार करायला आपण जात नाही. पण त्या बघायच्याच नाहीत असं ठरवलं, तर त्यांचा अर्थ सांगण्याचं काम एकाच बाजूकडे राहतं.

नातवासाठी वेगळी वाट धरा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तासभर पाट्या वाचायला लावल्या तर तो मोबाइल काढणार. त्याला एकच प्रश्न द्या: घोडा कधी गेला आणि त्याच्या जागी काय आलं? उत्तर त्याने स्वतः शोधायचं. ७ सप्टेंबर १९१४ ला फ्रान्समध्ये मोन्सेल इथे नवव्या लान्सर्सच्या मूठभर स्वारांनी जर्मन ड्रगूनांवर भाले सरसावून हल्ला केला. दोन्ही बाजूंना भाले असलेल्या अशा शेवटच्या झुंजींपैकी ती एक मानतात. आणि १९२८ मध्ये बाराव्या लान्सर्सचे घोडे काढून घेऊन त्यांना चिलखती गाड्या दिल्या. अवघी चौदा वर्षं. १९४० मध्ये डंकर्ककडे माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेची पाठराखण करणारी चिलखती गाड्यांची रेजिमेंट हीच. मुलाला हा वेग जाणवला की पुढचं तो आपणहून बघतो.

त्याला एक गोष्टही सांगून ठेवा. ११ डिसेंबर १८७९ ला काबूलजवळ किल्ला काझी इथे नवव्या लान्सर्सची पीछेहाट होत होती. सैन्याबरोबरचे धर्मोपदेशक जेम्स ॲडम्स यांनी आधी एका जखमी स्वाराला आपल्या घोड्यावर बसवायचा प्रयत्न केला. मग पाण्याच्या चरात घोड्याखाली अडकलेल्या दोन स्वारांना, अफगाण अगदी जवळ आलेले असताना, चरात उतरून बाहेर काढलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्य कोणत्याही बाजूचं असलं तरी मुलाला ते शौर्य म्हणून कळावं, असं मला वाटतं. अटू आणि ॲडम्स, दोघांच्याही हकिकती याच रेजिमेंटशी जोडलेल्या हे त्याला पेलतं. मुलं आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतात.

इथवरचं थोडक्यात: आधी लढायांची नावं, मग एकच पदक नीट, मग भाल्याचा दांडा, मग छायाचित्रातला निनावी माणूस. दीड तास पुरतो. अर्धा दिवस फक्त या दालनाला देऊ नका.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. प्रवेश विनामूल्य आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीला संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ बघायला सांगा, कारण तिकडची अनेक शहर-संग्रहालयं आठवड्यात एखाददोन दिवस बंद असतात आणि दुपारी लवकर आवरतात. नॉटिंगहॅमहून आगगाडीने अर्धा तास लागतो, स्टेशनपासून संग्रहालय शहराच्या मध्यभागी आहे, रमतगमत चालत जाता येतं. दालनात अंधार वाटेल. कापडाला उजेडाने इजा होते म्हणून गणवेशांवर साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवण्याची जगभरची पद्धत आहे. बाहेरच्या उन्हातून एकदम आत शिरल्यावर साठीपुढच्या डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून आत पाचएक मिनिटं बसून घ्या. वाचायचा चष्मा विसरू नका. फोटो काढायला बहुधा हरकत नसते, पण विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. पदकाचा फोटो काचेला फोन टेकवून काढला तर चकाकी येत नाही आणि घरी येऊन अक्षरं मोठी करून वाचता येतात.

तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. अशा दालनांत अनेकदा निवृत्त सैनिक किंवा त्यांचे नातलग स्वयंसेवक म्हणून असतात. ‘पन्नियारची एखादी वस्तू इथे आहे का’ असं विचारलं तर त्यांना आनंद होतो, कारण हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नाही. तुमच्या घराण्यात कोणी या रेजिमेंटच्या छावणीत नोकरीला होतं अशी आठवण असेल, तर नाव, गाव, छावणी आणि अंदाजे वर्ष लिहून आधीच ईमेल करा. मांडलेल्या वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त कागद आणि छायाचित्रं आत असतात, आणि ती बघायला आधी वेळ ठरवावी लागते. त्या कागदांत देवळालीचं नाव दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट बघत आपल्या देवळालीच्या छावणीत थांबवले जात.

उरलेला वेळ त्याच इमारतीत जोसेफ राइट (१७३४–१७९७) या डर्बीच्याच चित्रकाराच्या दालनाला द्या. ग्रहमालेच्या यंत्राभोवती जमलेली माणसं आणि मधल्या दिव्याचा त्यांच्या चेहऱ्यांवर पडलेला उजेड, हे त्याचं मोठं चित्र तिथे आहे. घोडदळात रस नसलेल्या माणसाचाही दिवस त्यात सार्थकी लागतो. गुडघे कुरकुरू लागले तर आधी राइट बघा, मग लान्सर्स.

आणि जाण्याआधी जमलंच तर एक रविवार अहिल्यानगरला काढा. तिथलं १९९४ मध्ये सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम नाशिकहून गाडीने चारएक तासांवर आहे, सकाळी लवकर निघून रात्री परत येता येतं. तिथली गोष्ट आपल्याच घोडदळाची: सिंद हॉर्स ही १९३८ मध्ये घोडे सोडणारी हिंदी घोडदळातली पहिली रेजिमेंट, आणि पुणे हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे दोघं परमवीर. बारावी लान्सर्स ज्या वाटेने घोड्यावरून गाडीवर गेली त्याच वाटेची आपली बाजू नातवाला आधी नगरला दिसेल, तर डर्बीत त्याला तुम्ही काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मे महिन्यात गेलात तर डोक्याला रुमाल आणि भरपूर पाणी घ्या, रणगाडे उघड्यावर उभे आहेत आणि दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही.